सावर्ड्याचा पडलेला पूल आणि मीटरगेजची वाट

१८ मे २०१७ची संध्याकाळ गोव्यातल्या आमच्या कुडचड्यात कोणी विसरलेलं नाही. सावर्ड्याच्या नदीवरचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल, वाहतुकीला केव्हाचाच बंद केलेला. एका माणसाने पाण्यात उडी घेतली, शोध सुरू झाला, बघायला माणसं पुलावर गर्दी करून उभी राहिली, आणि पूल त्यांच्यासकट नदीत गेला. बरेच जण पोहत काठाला लागले. सगळे नाही लागले.

त्यानंतर बराच काळ एक गोष्ट मनातून जाईना. आपण पूल बंद करतो म्हणजे नेमकं काय करतो? आडवा अडथळा घालतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवतो. तो कधी बांधला, शेवटचा कधी तपासला, कोणत्या खांबात गंज आहे, हे कुठेच उतरत नाही. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी वही घेऊन निघायला लागलो. कुडचडे, सावर्डे, काले, कुळे. खाणींच्या या पट्ट्यात वापरातून गेलेलं जे जे दिसेल ते लिहायचं. मोऱ्या, खांब, खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी म्हणजे बार्ज लागायचे ते धक्के. आणि सगळ्यात जास्त, जुनी मीटरगेज.

नव्या पिढीला माहीत नसेल, पण मुरगाव ते कॅसलरॉक ही आपली रेल्वे १८८८ साली पूर्ण झाली तेव्हा रुळांमधलं अंतर फक्त एक मीटर होतं. आजची ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १९९०च्या दशकात रूळ बदलले, पण जमीन इतक्या सहजी बदलत नाही. कुळ्याच्या अलीकडे, आजच्या रुळांपासून थोड्या अंतरावर, झुडपात एक दगडी मोरी आहे. घडीव दगड, वर नीट कमान, खाली ओहळ. पायवाटेसाठी कोणी एवढी भक्कम मोरी बांधत नाही. तिथे शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यांना विचारलं, तर हात लांब करून म्हणाले, "पयलीं गाडी हांगाच्यान वताली." म्हणजे पूर्वी गाडी इथून जायची. एवढंच. मी त्या मोरीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा होतो.

शोधायचं कसं, असं मला मित्र विचारतात. डोळ्यांना सवय लागते. गाडीला एकदम वळता येत नाही, म्हणून जुनी वाट नेहमी लांबट, सावकाश वळते. सर्व्हेच्या नकाशात शेतांच्या मधूनच एखादी चिंचोळी, लांबलचक पट्टी दिसते. आणि कुंपणं बघा! कितीतरी ठिकाणी जुन्या रुळांचे तुकडे उभे रोवून तारा ताणल्या आहेत. रुळाच्या बाजूच्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठावात उमटवलेलं असतं. गंज हलक्या हाताने घासा, वर खडू फिरवा, अक्षरं वर येतात. गोव्याच्या रेल्वेचा इतिहास कोणाच्या तरी परसात केळीच्या मागे उभा आहे, आणि भंगारवाला आला की किलोच्या भावाने जातो.

हे मला नुसतं जुन्याचं वेड वाटत नाही. ही रेल्वे गोव्याला काय किमतीला मिळाली ते बघा. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांमध्ये तह झाला. त्यात रेल्वे आणि मुरगाव बंदर ठरलं, आणि बदल्यात गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. पोर्तुगीज सरकारला त्यासाठी वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. पैसे सरकारला, आणि ज्यांच्या पिढ्या मिठागरात गेल्या त्यांच्या पोटावर पाय. रेल्वेची कंपनी लंडनची, भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगालची. हा तह १८९२ साली संपला, रूळ राहिले. त्या मोरीचा प्रत्येक दगड मला म्हणून मिठाचा वाटतो.

पुढे १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा सरहद्दीपलीकडची गाडी थांबली. सहा-सात दशकं माणसं आणि माल वाहणारी हीच वाट त्या काळात गोवामुक्तीपर्यंत तुटलेली होती. खनिज मात्र थांबलं नाही, ते नदीने मुरगावला आणि तिथून जहाजाने परदेशी जात राहिलं. आमच्या गावातल्या धक्क्यांची भरभराट त्याच काळातली. २०१२ला खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, २०१८ला पुन्हा बंद, आणि ते धक्केही मोडक्या पुलांच्या यादीत येऊन बसले.

आता याच मार्गाचं दुपदरीकरण, म्हणजे शेजारी दुसरा रूळमार्ग टाकणं. त्याने कोळशाची वाहतूक वाढेल म्हणून लोकांचा विरोध आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये चांदरला रात्री हजारो लोक रुळांवर बसले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. कोळशाबद्दलचं माझं मत उघड आहे, मी त्या लोकांच्या बाजूचा आहे. पण या पोस्टचं मागणं त्याहून लहान आहे आणि ते दोन्ही बाजूंनी मान्य करण्यासारखं आहे. जिथे जिथे काम चालू आहे तिथे माती सरकवण्याआधी जुन्या मोऱ्या, कमानी, टाक्या, खांब यांची मोजमापं आणि फोटो घ्या. एका कार्यालयात मी याबद्दल अर्ज दिला होता. उत्तर आलं, असा अभिलेख उपलब्ध नाही. अभिलेख नसेल तर तो तयार करा ना! त्यासाठी एक टेप, एक कॅमेरा आणि दोन माणसं लागतात.

हुबळीला २०२० साली रेल्वेचं छान संग्रहालय झालं. आपल्या सावर्डे-कुडचडे स्टेशनवर एक खोली का होऊ नये? घाटात १:३७ चढाला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं कशी लागायची, हे इथल्या शाळकरी मुलाला इथेच का कळू नये? आणि बंद पुलांबद्दल तर माझं मागणं कडक आहे: एक तर दुरुस्त करा किंवा वरचा पत्रा-फळ्या काढून टाका, म्हणजे गर्दी चढणारच नाही. अर्धवट ठेवू नका.

कोणाच्या घरी मीटरगेजच्या काळातलं तिकीट, पास, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनचं वेतनपत्रक, स्टेशनसमोर काढलेला लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो असेल तर मला मेसेज करा. मी येतो, तुमच्याच ओट्यावर बसून फोटो काढतो, मूळ कागद तुमच्याकडेच राहील. फक्त कृपा करून चालू रुळांवर कोणी जाऊ नका, मीही जात नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता काल्याच्या बाजूने निघणार आहे. तिथल्या एका निवृत्त गँगमनकाकांनी त्यांची जुनी हातोडी दाखवायचं कबूल केलं आहे.