आत्याच्या मृत्युपत्रातले 'हेअर्स'

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आत्याने तिच्या मृत्युपत्राचा मसुदा वाचायला दिला. सातवी शिकलेली बाई, सगळं आयुष्य कऱ्हाडजवळच्या गावात गेलेलं, आणि कागद पहिल्या ओळीपासून इंग्रजीत! 'लीगल एअर्स', म्हणजे कायदेशीर वारस. स्पेलिंग हवं एच-ई-आय-आर-एस. टाइप केलंय एच-ए-आय-आर-एस. हेअर्स. केस! जिथे जिथे वारस, तिथे तिथे केस. 'बिक्वीद' म्हणजे मृत्युपत्राने देणं, त्यातला 'ए' गायब. आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा 'एक्झिक्युटर' असतो, त्याच्या जागी 'एक्झिक्युशनर'. फाशी देणारा! पुढे माझ्या चुलतभावाचं नाव.

कागदाला वजन यावं म्हणून हे जुनेपुराणे शब्द घालायचे, आणि घालणाऱ्यालाच ते कळत नाहीत. खरेदीखतातलं 'विटनेसेथ' घ्या, म्हणजे 'साक्ष देतो'. शेक्सपिअरच्या काळातलं रूप ते, आजच्या भाषेत 'विटनेसेस'. माझ्या फ्लॅटच्या कागदांत ते 'विटनेस सेथ' असं तोडून ठेवलंय.

टायपिस्टला मी बोलणार नाही. त्याच्यापुढे कुणाची तरी जुनी फाईल असते, नावं बदलायची आणि प्रिंट काढायची. 'हेअर्स' हाही खरा शब्दच, त्यामुळे संगणक लाल रेघ मारत नाही. पण ज्याने फी घेतली त्याने एकदा वाचायला नको?

कुणीतरी सांगेलच, १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ७६ आहे, नावात किंवा वर्णनात चूक असली तरी माणूस कोण ते कळत असेल तर त्याचा हक्क बुडत नाही. बरं, मान्य. पण ते पटवून द्यायला कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? तेव्हा आत्या नसेल सांगायला.

ती मला विचारत होती, "यात धाकटीचं नाव आलंय ना रे?" स्वतःच्या जमिनीबद्दलच्या कागदात स्वतःच्या मुलीचं नाव तिला शोधता येत नव्हतं. तिला शेताच्या चतुःसीमा तोंडपाठ आहेत, पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाणंद. वारस, वहिवाट, हक्कसोडपत्र, 'माझ्या पश्चात', सगळं कळतं. आपल्या दस्तांची भाषाही जुनीच आहे, सदरहू आणि सबबने भरलेली, पण ती तिची आहे.

मृत्युपत्र मराठीत चालतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही मात्र नीट हवी आणि किमान २ साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मग इंग्रजीचा हट्ट कुणासाठी?

आत्याचं मराठीत लिहून घेतोय, आणि सही करण्याआधी तिला अक्षरन् अक्षर वाचून दाखवणार. तुमच्या घरी आईवडिलांचे असे इंग्रजी कागद असतील तर आज रात्रीच काढा. वारसांचा शब्द शोधा. एच-नंतर ई आहे की ए, बघा. ए असेल तर करून देणाऱ्याकडे परत जा आणि दुरुस्त करून घ्या, पुन्हा पैसे न देता.