नवजात बाळाच्या माथी अजून काय काय मारणार आहात?

नवजात बाळासाठी ‘अत्यावश्यक वस्तूंच्या’ याद्या करणाऱ्यांनो, त्या यादीत उशी कुणी घातली ते आधी सांगा. डोकं गोल करणारी उशी, मानेला आधार देणारी उशी, दूध उलटू नये म्हणून तिरकी उशी, बाळ कुशीवर राहावं म्हणून दोन्ही बाजूंना लावायचे छोटे लोड. ज्या जिवाला अजून स्वतःची मान वळवून नाक मोकळं करता येत नाही, त्याच्या तोंडाभोवती इतका कापूस रचायचा आणि वर त्याला ‘सुरक्षा संच’ म्हणायचं? संताप होतो नुसता.

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागलाय. मैत्रिणींकडून आलेल्या, दुकानांनी पाठवलेल्या, रील्समध्ये बघून उतरवून घेतलेल्या सगळ्या याद्या तिने मला पाठवल्या आणि खाली लिहिलं, “ताई, यातलं काय नाही घेतलं तर चालेल?” काय लागेल, असं नाही विचारलं तिने. काय नाही घेतलं तर चालेल! म्हणजे सगळं घ्यायचंच हे गृहीत धरलेलं, आणि एकेक वस्तू खोडताना जणू बाळाच्या तोंडचं काहीतरी काढून घेतोय अशी टोचणी. ही टोचणी तिच्या मनात आपोआप आलेली नाही. ती पेरलेली आहे. पहिलटकरणीला भीती वाटणारच, तिला अनुभव नाही, अंग जड झालंय, झोप लागत नाही. नेमक्या त्या वेळी तिच्यासमोर याद्या नाचवायच्या आणि प्रत्येक वस्तूपुढे ‘आवश्यक’ असा शिक्का मारायचा. तिच्या घाबरण्यावर धंदा चाललाय हा, दुसरं काही नाही.

त्यात सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे या याद्यांमधल्या काही वस्तू नुसत्या निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. बाळाला झोपायला काय लागतं हा आता कुणाच्या आवडीनिवडीचा विषय उरलेला नाही. सपाट, घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि बाळ उताणं. बास. उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणी नाहीत, कडेला गुबगुबीत झालर नाही. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये ‘बाळांना पाठीवर झोपवा’ अशी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, आणि ब्रिटनमध्येही ते झपाट्याने उतरलं. पाठीवर झोपवायला कुणाला काही विकत घ्यावं लागलं नाही. कदाचित म्हणूनच ही गोष्ट कुठल्याच यादीत ठळक अक्षरात दिसत नाही!

पाळण्याच्या कडेला बांधायचे ते फुगीर बंपर आणि बाळाला तिरकं झोपवायची ती साधनं, या दोन्हींवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असं आईवडिलांना स्पष्ट बजावलं. ज्या वस्तू बाळाच्या आसपास नकोत म्हणून कायदे करावे लागले, त्याच वस्तू रंगीत ससे आणि ढग छापून आमच्या बहिणींना ‘पहिल्या दिवसापासून हवंच’ म्हणून विकल्या जातात. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मी मानायला तयार नाही. ठाऊक नसेल तर मग त्याने नवजात बाळांच्या वस्तूंचा धंदा करू नये.

आणि डोकं चपटं होण्याचा एवढा बागुलबुवा कशासाठी? कवटीची हाडं मऊ असतात, एकाच बाजूवर सतत दाब पडला की ती बाजू थोडी चपटी होते. बाळ जागं असताना, आपलं लक्ष असताना त्याला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा, झोपवताना कधी डोकं या बाजूला तर कधी त्या बाजूला वळवा, कडेवर घ्या. बहुतेक बाळांचं डोकं वाढीबरोबर आपोआप नीट होतं. मान एकाच बाजूला वळत असेल किंवा आकार फारच वेगळा वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. यात उशीचा संबंध येतोच कुठे?

माझी बहीण एका मोठ्या दुकानात गेली होती. नाव लिहीत नाही. तिथे तिने पाळण्याबरोबरचा झालर-उशीचा संच नको म्हटलं, तर विकणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, “पहिलंच बाळ ना? मग कशाला हात आखडता घेताय?” पोटुशा बाईला हे बोलायचं? तिने हात आखडला नव्हता, ती शहाणपणाने वागत होती. पण घरी आल्यावर ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी तोच संच आणायला निघाली होती. मी तिला फोनवर थांबवलं.

मग येतात ती यंत्रं. बाळाच्या पायात घालायचा मोजा, तो म्हणे श्वास आणि ऑक्सिजन मोजून फोनवर दाखवतो. निरोगी बाळाला अशी घरगुती यंत्रं लावल्याने अचानक मृत्यूचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, त्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका असंच सांगितलंय. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाला डॉक्टरांनीच यंत्र लावायला सांगितलं तर ती गोष्ट संपूर्ण वेगळी. पण धडधाकट बाळाच्या आईला रात्रभर फोनच्या पडद्याकडे बघायला लावायचं, खोट्या गजराने तिचं काळीज तोंडात आणायचं, आणि याला ‘निश्चिंत झोप’ म्हणून विकायचं! मला या माणसांचा मनापासून राग येतो. तिच्या वाट्याला आधीच दोन-दोन तासांची झोप येणार आहे, तीसुद्धा तुम्ही विकत घ्यायला लावणार?

दुधाच्या बाटल्या. इथे मी जपून बोलते, कारण सगळ्याच आयांना अंगावर पाजता येतं असं नाही. कुणाला औषधं चालू असतात, कुणाचं बाळ अशक्त असतं, कुणाला लवकर कामावर परतावं लागतं. त्यांच्यासाठी बाटली, फॉर्म्युला, पंप या खऱ्याच गरजा आहेत आणि त्यांना कुणी टोमणे मारले तर मला तेवढाच राग येईल. पण बाळ जन्मायच्या आधीच, आई पाजू शकेल की नाही हे कुणालाच माहीत नसताना, बाटल्यांचा अख्खा संच, स्टरिलायझर, दूध गरम करायचं यंत्र, चोखणी हे सगळं ‘हवंच’ म्हणून तिच्या पिशवीत कसं काय पडतं? जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ मध्येच आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींबद्दल आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. त्यात बाटल्या आणि बुचंसुद्धा येतात. लोकांसमोर त्यांची जाहिरात करू नये, गरोदर बायकांना आणि आयांना फुकट नमुने देऊ नयेत, हे तेव्हापासून लिहून ठेवलंय. आता जाहिरात जाहिरातीसारखी दिसतच नाही, ती ‘मैत्रिणीचा सल्ला’ होऊन येते. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाला एका वेळी चमचा-दोन चमचेच दूध लागतं. आईला सुरुवातीला चीक थोडासाच येतो, आणि तेवढाच पुरतो. हे सांगायला कुणी नसतं, कपाटात तयार बाटली मात्र असते. मग दुसऱ्याच रात्री बाळ रडलं की ‘दूध पुरत नाहीये’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाटली बाहेर येते.

कपड्यांबद्दल किती बोलू? पाठीला बटणं असलेली झबली! ज्याला दिवसाचा बराचसा वेळ पाठीवर झोपायचंय, त्याच्या पाठीखाली बटणं. गळ्याशी रिबिनी, नाड्या, मोती. डोक्यावरून ओढून घालायचे अरुंद गळे. घरात झोपताना टोपडं, हातमोजे, पायमोजे, वर जाड गुंडाळणं, आणि मग बाळ घामेजलं की ‘याला उष्णता फार’. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते, घरात झोपलेल्या बाळाला टोपी नको असते. जन्मल्या जन्मल्या ऊब द्यायची असेल तर आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर मिळून पांघरूण घाला, त्याहून चांगली ऊब कुठल्या दुकानात मिळत नाही. आणि सगळ्यात लहान मापाचे कपडे ढिगाने घेऊ नका, ते काही आठवड्यांत तोकडे होतात. कधी कधी बाळच मोठं जन्मतं आणि ते अंगाला लागतही नाहीत. डायपरचंही तेच. पावडर तर पूर्ण बाद करा, ती हवेत उडते आणि बाळाच्या फुप्फुसात जाते. यादीत वॉकरसुद्धा होता! न जन्मलेल्या बाळासाठी वॉकर! कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली, इतकी मुलं त्यातून जिन्यावरून पडली होती.

पण या सगळ्यापेक्षा माझा जीव कशाने जळला सांगू? इतक्या लांबलचक याद्या मी खालपासून वरपर्यंत वाचल्या, त्यात आई नव्हती. एकाही यादीत नव्हती. बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे रक्तस्राव चालू राहू शकतो. मोठे, जाड पॅड लागतात, भरपूर लागतात. टाके पडलेले असतात, बसता येत नाही. स्तनाग्रांना चिरा पडतात. दूध गळून कपडे भिजतात, तिथेही पॅड लागतात. सुती, सैल, समोरून उघडणारे कपडे लागतात. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर तडक दवाखाना गाठायचा, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही माहीत असायला लागतं. यातलं एक अक्षर कुठे नाही. वाइप्स गरम करायचं यंत्र आहे. बाळाच्या पाऊलखुणांची चौकट आहे. जिच्या शरीरातून ते बाळ येणार, तिच्यासाठी एक पॅडही लिहावासा वाटला नाही कुणाला!

फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळंतपेटी देतं. आधी फक्त गरजू आयांना, १९४९ पासून सगळ्यांना. अट एवढीच, की गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत आईने तपासणी करून घेतलेली असावी. हवी असेल तर पेटीऐवजी रोख रक्कम मिळते. पुठ्ठ्याची पेटी, तळाशी गादी, कपडे, अंथरूण, थर्मामीटर, नखं कापायची कात्री, आईसाठीही काही वस्तू. कित्येक बाळं पहिले काही महिने त्याच पेटीत झोपली. तिथे काय लागतं हे ठरवणाऱ्याला काही विकायचं नव्हतं, आणि म्हणून ती यादी एका पेटीत मावली. शिवाय त्या अटीमुळे बायका वेळेत डॉक्टरांकडे गेल्या, जे कुठल्याही झालरीपेक्षा लाखपटीने मोलाचं आहे.

बहिणीला मी शेवटी फोनवरच सगळं सांगितलं, तिने लिहून घेतलं. समोरून उघडणारी मऊ सुती झबली, सात-आठ पुरेत, रोज धुवायची. लंगोट किंवा डायपर, जे झेपेल ते, पण भरपूर. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, दूध पोटात जातंय हे त्यावरून कळतं, त्यामुळे मोजत राहायचे. पातळ सुती दुपटी, ती पुसायला, गुंडाळायला, खांद्यावर टाकायला सगळ्याला चालतात. पुसायला कापूस आणि साधं कोमट पाणी. सपाट, घट्ट गादीची स्वतंत्र झोपायची जागा, आईवडिलांच्याच खोलीत. डिजिटल थर्मामीटर, कारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. नखांसाठी छोटी कात्री. गाडीतून प्रवास होणार असेल तर मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट, आणि इथे पैसे वाचवायचे नाहीत, अपघातात सापडलेली जुनी सीट कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही. नाळेला काही लावायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तरच, नाहीतर कोरडी ठेवायची, ती आपोआप गळते. खेळणी आत्ता नकोत. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजणाऱ्या आईचा चेहरा. बाकीचं लागेल तसं आणता येतं, बाळ आल्यावर दुकानं बंद होत नाहीत.

तिने विचारलं, “एवढंच?” आणि तिच्या आवाजात अजूनही ती भीती होती.

हो, एवढंच. आणि हे तिच्याकडे भेटी घेऊन येणाऱ्या सगळ्यांना उद्देशून: उशा आणू नका, बंपर आणू नका, झालरीची अंगडी आणू नका. पॅड आणा. मोठ्या मापाचे डायपर आणा, पावती सोबत ठेवा, म्हणजे बदलून घेता येतील. नाहीतर हात धुऊन बाळाला दोन तास सांभाळा, कपड्यांची बादली धुऊन टाका आणि तिला झोपू द्या. आणि जाताना ‘अगं, डोकं चपटं दिसतंय, उशी नाही का घेतली?’ असं तिला म्हणू नका.