‘एवढं साधं’ म्हणणाऱ्या वाचकांना

‘जुना डेबियनकर’ या नावाने आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. नव्या लॅपटॉपवर फेडोरा किंवा टम्बलवीड यांपैकी एक डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचं तयार रूप) टाका, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता, ‘डेबियन स्टेबल घ्या, बॅकपोर्ट्समधून नवा कर्नल टाका, काम संपलं. एवढं साधं ज्याला कळत नाही त्याने लोकांना सल्ले देऊ नयेत.’ (नवख्यांसाठी: डेबियन हीही एक डिस्ट्रो, स्टेबल ही तिची स्थिर आवृत्ती, बॅकपोर्ट्स म्हणजे त्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजेस आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.) शिवाय फेडोराच्या एका आवृत्तीचं तेरा महिन्यांचं आयुष्य, एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांची कटकट, मला लागलेलं ‘नव्याचं वेड’ आणि वर ‘डेबियनद्वेष्टा’ हे विशेषण.

आधी चूक कबूल करतो. डेबियन १२चा कर्नल मी ६.२ लिहिला होता, तो ६.१ आहे. दुरुस्त केलंय, आभार. पण तेवढ्यासाठी ‘गृहपाठ करून या’ असं ऐकवायलाच हवं होतं का? मी काही आपला विद्यार्थी नाही.

आता ते ‘एवढं साधं’. २००६ साली उबुंटूची फुकटची सीडी टपालाने मागवून मी लिनक्सला लागलो. वायफाय चालावं म्हणून एनडीआयएसरॅपर लावून विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधलाय. एक्सची (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेची) कॉन्फिग फाइल हाताने लिहून स्क्रीन काळी करून घेतलीय, तीही एकदा नाही. तेव्हा कर्नल बदलणं म्हणजे काय, हे आता कुणाकडून शिकायचं राहिलेलं नाही.

२०२४मध्ये बहिणीच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर मी हाच ‘साधा’ उपाय करून बसलो होतो. डिस्ट्रो स्थिर म्हणून नावाजलेली (नाव घेत नाही, नाहीतर आणखी एक प्रतिक्रिया यायची). इन्स्टॉल बिनबोभाट झालं, पण वायफायचं चिन्हच गायब. एलएसपीसीआय या कमांडमध्ये वायफायचं कार्ड दिसत होतं, त्याखाली ड्रायव्हरची ओळ नव्हती. नवा कर्नल उतरवायला नेट हवं, आणि नेट चालायला नवा कर्नल! लॅनची केबल लावायला लॅपटॉपला जागाच नाही. शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, कर्नल घातला, रीबूट केलं. तरी वायफाय नाही. डीमेसेग (कर्नलच्या नोंदी) पाहिलं तर फर्मवेअरची (कार्डाला लागणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडत नाही म्हणून ओरडा. म्हणजे फर्मवेअरचं पॅकेजही नवं हवं. तेही आणलं. वायफाय लागलं आणि पंखा घोंघावायला लागला. साधा व्हिडिओ लावला की सीपीयूचे सगळे कोअर भरलेले. मेसा (ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांचा संच) जुनी, तिला नवी ग्राफिक्स चिप ओळखता येईना, म्हणून स्क्रीनवरचं सगळं चित्र एलएलव्हीएमपाइप हे तिच्यातलं पर्यायी सॉफ्टवेअर सीपीयूकडून रंगवून घेत होतं. कर्नल, फर्मवेअर, मेसा. आपल्या वाक्यात यातली एकच गोष्ट आहे, आणि ते वाक्य वाचून नवखा माणूस पंख्याचा आवाज ऐकत बसणार आहे. तो आपल्याला विचारायला येणार नाही, मला येईल.

डेबियन १२ आलं जून २०२३मध्ये, मेसा २२.३ घेऊन. स्टेबलने एकदा घेतलेल्या आवृत्त्या धरून ठेवायच्या, हा त्याचा दोष नाही, ते त्याचं व्रतच आहे. पण वर्षभराने बाजारात आलेल्या चिपला त्याने ओळखावं तरी कसं? डेबियन १३ आलं ते ऑगस्ट २०२५मध्ये, ६.१२ कर्नल घेऊन, त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपना ते चालून जाईल. पुढच्यांचं पुन्हा तेच. फेडोराच्या चालू आवृत्तीतच नवे कर्नल येत राहतात. टम्बलवीडमध्ये तर अपडेटने काही बिघडलंच तर स्नॅपर या आधीच्या स्थिती जपून ठेवणाऱ्या साधनामुळे बूटच्या मेनूतूनच आधीच्या स्थितीत जाता येतं. मी ही दोन नावं काही फॅशन म्हणून घेतलेली नाहीत.

तेरा महिने? हो, मग अपग्रेड करायचं. एनव्हीडिया हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. राहिलं नव्याचं वेड. हे उत्तर मी ज्या लॅपटॉपवर लिहितोय तो दहा वर्षांचा आहे, आणि त्यावर डेबियनच आहे. ‘डेबियनद्वेष्टा’ हे विशेषण तेवढं परत घ्या.

आपल्या हाती नवं यंत्र आलं की डिस्ट्रो टाकण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता, थेट पेनड्राइव्हवरून) चालवून पाहा. वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे पाहा. जे दिसेल ते इथे लिहा, अगदी माझ्या विरोधात गेलं तरी. फक्त ‘एवढं साधं’ हे दोन शब्द वगळून.