ताप उतरतो, थकवा का उतरत नाही? मेडिकलच्या काउंटरवरून

स्पष्टच लिहितो, कारण गेले काही पावसाळे काउंटरवर हाच विषय सारखा निघतोय. कोरोना, चिकनगुनियासारखा विषाणूचा ताप येतो, जातो, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि महिना-दीड महिन्यानं माणूस परत दारात उभा. "दादा, ताकदीचं काहीतरी द्या." जिना चढला की धाप लागते, दुपारनंतर डोकं चालत नाही, चार घास खाल्ले की पोट डब्ब होतं. घरचे म्हणतात, मनावर घेतलंय. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात आणि मी ते देतो. पण या माणसाला आधी पोटाचं विचारायला हवं आणि मग तापात काय काय गोळ्या पोटात गेल्या ते विचारायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

(मी डॉक्टर नाही. डी.फार्म. करून तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा वाचतो.)

पोटाचं का, तर कोरोनाचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते प्रथिन लहान आतड्याच्या अस्तरावर फुप्फुसापेक्षा कितीतरी जास्त असतं. आपण सगळे ऑक्सिमीटर बोटाला लावून बसलो होतो तेव्हा विषाणू खाली आतड्यातही मुक्काम ठोकत होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०२२ मध्ये ११३ रुग्णांचा अभ्यास छापला. आजार सौम्य किंवा मध्यम, म्हणजे आपल्या गल्लीतल्या बहुतेकांसारखाच. पहिल्या आठवड्यात जवळपास निम्म्या लोकांच्या शौचात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकांचा अंश, सापडला. चार महिन्यांनी घसा साफ होता, तरी सुमारे १३ टक्के लोकांच्या शौचात तो होताच. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी आतड्याच्या सुजेचा जुना आजार असलेल्या ४६ जणांच्या आतड्याचे तुकडे काही महिन्यांनी तपासले. ज्यांच्या अस्तरात विषाणूचे अवशेष होते त्यांच्यातल्या बहुतेकांची दुखणी रेंगाळलेली होती. ज्यांच्यात अवशेष नव्हते त्यांच्यात तशी तक्रार नव्हती. अभ्यास लहान आहे आणि रुग्णही खास प्रकारचे आहेत. तरीही "सगळं मनाचं आहे" म्हणणाऱ्यांना मी हा दाखला देतो.

मग पोटातला प्रकार डोक्यापर्यंत कसा पोचतो? २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी एक साखळी मांडली, ती मला पटण्यासारखी वाटते. आतड्यात उरलेले अवशेष प्रतिकारशक्तीला सतत डिवचत राहतात, म्हणून इंटरफेरॉन (विषाणू दिसला की शरीर सोडतं ते इशाऱ्याचं प्रथिन) वाढलेलं राहतं. त्यामुळे अन्नातल्या प्रथिनांमधलं ट्रिप्टोफॅन नावाचं द्रव्य नीट शोषलं जात नाही. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे नसांना निरोप देणारं रसायन बनतं, आणि अंगातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. ते घटलं की पोट आणि मेंदू जोडणारी व्हेगस नस मंदावते, आणि मेंदूच्या आठवणी जपणाऱ्या भागाला फटका बसतो. यातलं पुढचं बरंचसं उंदरांवर दाखवलेलं आहे. सगळ्याच रुग्णांच्या थकव्याचं कोडं एवढ्यानं सुटेल असं नाही. पण "ताप गेल्यापासून नावं आठवत नाहीत" असं सांगणाऱ्या मास्तरांना मी आता चेष्टेवारी नेत नाही.

तिसरा धागा आतड्यातल्या जिवाणूंचा. हाँगकाँगमध्ये १०६ कोविड रुग्णांवर नजर ठेवली, तेव्हा ज्यांची लक्षणं सहा महिन्यांनीही होती त्यांच्या आतड्यात ब्युटिरेट तयार करणारे चांगले जिवाणू कमी भरले. हे ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या अस्तराचं रोजचं जेवण. आता कोंबडी आधी की अंडं, म्हणजे आजारानं जिवाणू गेले की जिवाणू गेले म्हणून आजार रेंगाळला, हे नुसतं बघून ठरत नाही. म्हणून त्यांनी पुढे ४६३ जणांवर रीतसर चाचणी घेतली. अर्ध्यांना तीन प्रकारचे बायफिडोबॅक्टेरिया (आतड्यातले चांगले जिवाणू) आणि त्यांचं खाद्य असलेली पावडर, अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी पावडर. कोणाला काय मिळतंय ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी खरी पावडर घेणाऱ्या ६३ टक्के लोकांचा थकवा हलका झाला. साध्या पावडरवाल्यांचा आकडा ४३ टक्के.

हा ४३ चा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. खरी पावडर न घेताही शंभरातल्या त्रेचाळीस लोकांना आराम पडतो. म्हणजे दुकानात येऊन "अमुक चूर्णानं माझा थकवा गेला" म्हणणाऱ्याचं म्हणणं खरं असतं, पण चूर्णामुळे गेला हे खरं असेलच असं नाही. आणि त्या पावडरमागच्या प्रमुख संशोधकांचे हितसंबंध ती बाजारात आणणाऱ्या कंपनीत आहेत, हेही सांगून ठेवतो. चाचणी त्यामुळे खोटी ठरत नाही, पण दुसऱ्या कोणीतरी ती पुन्हा करून बघावी.

आता गोळ्यांचं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता शाळेतल्या पोराला माहीत आहे. तरी व्हायरलच्या चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन ५०० असतंच. चिठ्ठी नसली तरी लोक मागतात. पाकिटावरची लाल रेघ (चिठ्ठीशिवाय देऊ नये याची खूण) दाखवली तर "समोरचा देतो की" म्हणून रागावतात. एक मावशी परवा म्हणाल्या, "दोनच गोळ्या द्या, उतार पडला तर तिसरी नेणार नाही." कोविडमध्ये तर कहर झाला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे २१ कोटी ६० लाख जास्तीचे अँटिबायोटिकचे डोस विकले गेल्याचा अंदाज छापून आलाय, त्यात एकट्या अझिथ्रोमायसिनचे पावणेचार कोटींच्या वर. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या मोठ्या चाचण्यांत या गोळीचा कोविडला उपयोग नाही हे दिसलं. तोवर ती आपल्या पोटातून जाऊन आली होती.

अँटिबायोटिक घेतलं म्हणूनच थकवा रेंगाळतो, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्या वाचनात नाही. पण विषाणूनं आधीच विस्कटलेल्या आतड्यावर विनाकारण आणखी एक घाव घालायचा, आणि महिन्यानं ताकदीचं औषध शोधायचं, हे मला वेडेपणाचं वाटतं.

चिकनगुनियाचं तर मुद्दाम सांगतो, कारण २०२४ मध्ये पुणे-नागपूरकडे त्यानं लोकांना पार आडवं केलं आणि बोटांची सकाळची आखड कितीतरी महिने गेली नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं, की तोंडावाटे अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू मारलेल्या उंदरांत चिकनगुनियाचा विषाणू अंगभर जास्त पसरतो. मग त्यांना एकच जातीचा जिवाणू परत दिला, तर पसरण्याला आळा बसला. इतकंच नाही, अशा उंदराला चावलेल्या डासांकडे विषाणू जाण्याचं प्रमाणही घटलं. हा जिवाणू पित्तापासून एक आम्ल बनवतो, आणि त्यातून प्रतिकारशक्तीला जाग येते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण नुसत्या चिकनगुनियाच्या संशयावर अँटिबायोटिक मागणाऱ्याला मी हे उंदीरपुराण आवर्जून ऐकवतो. धंदा बुडतो थोडा. बुडू दे.

"मग अँटिबायोटिकसोबत चांगल्या जिवाणूंची पोटाची कॅप्सूल देतातच की!" हो, देतात. एकाच गोळीत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आणि लॅक्टिक ॲसिड बॅसिलस हा जिवाणू असाही माल फळीवर आहे. मारणारा आणि मरणारा एकाच स्ट्रिपमध्ये. हा जिवाणू बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या, रूपात टिकतो म्हणतात. टिकू दे. पण इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१८ मध्ये जे दाखवलं त्यानं माझं डोकं चक्रावलं होतं. अँटिबायोटिकनंतर काही लोकांना अकरा जातींचं प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंचं औषध) दिलं, काहींना काहीच दिलं नाही, आणि काहींना त्यांचीच आधी साठवून ठेवलेली विष्ठा आतड्यात परत सोडली. तिसऱ्या गटाचे जिवाणू काही दिवसांत मूळ पदावर आले, आणि प्रोबायोटिकवाल्यांचे सगळ्यांत उशिरा, कित्येक महिन्यांनी. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवून धरली आणि घरचे परतू शकले नाहीत. अँटिबायोटिकनं जुलाब होऊ नयेत म्हणून काही प्रोबायोटिकचा उपयोग होतो, तो मुद्दा वेगळा. पण पोट पूर्ववत होण्याची हमी त्या कॅप्सूलमध्ये नाही.

शिवाय हाँगकाँगच्या माणसाचं पोट आणि ज्वारी-बाजरी खाणाऱ्याचं पोट एक नाही. भारतीय आतड्यांत प्रेव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर सापडतात, ते आपल्या धान्य-डाळीच्या जेवणाशी जोडले जातात. तेव्हा तिकडची पावडर इकडे तशीच लागू पडेल असं गृहीत धरू नये. ती पावडर माझ्याकडे मिळत नाही. "त्याच्यासारखंच" म्हणून कोणी दुसरं पाकीट पुढे केलं, तर त्यावरची जिवाणूंची नावं वाचा आणि मग पैसे काढा.

खाण्याचं थोडक्यात. तापात मऊ भात-मेतकूट ठीक. पण आपल्याकडे ताप जाऊन पंधरवडा उलटला तरी चहा-टोस्ट, बिस्किटं आणि ग्लुकोजचं पाणीच चालू असतं, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंना उपासच. भाकरी, मोड आलेली मटकी, कुळथाचं पिठलं, ताक, नाचणीची आंबील हळूहळू परत आणा. एकदम वाढवलंत तर गॅस होणार, मग मला शिव्या देणार. थकवा यानं जाईलच असं वचन देत नाही, पण पोट साफ करतो म्हणणाऱ्या बाराशे रुपयांच्या 'गट (gut) डिटॉक्स'पेक्षा हे मी छातीठोकपणे सांगेन.

आणि वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री पोटासाठी झोपेतून उठावं लागतंय किंवा संध्याकाळी कणकण परत येतेय, तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि एमडी डॉक्टर गाठा. टीबी, थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन हे आधी बघायचं असतं. जाताना तापातल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. "पांढरी लांबट गोळी होती" एवढ्यावरून त्यांनाही काही कळत नाही, आणि मलाही नाही.