‘बायकांना ताण झेपत नाही’ हा मेसेज चुकीचा आहे

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शोरूममधल्या मॅनेजर बायकांना येणारा थकवा म्हणजे ‘बर्नआउट’ नावाचा आजार, तो बायकांच्या हळव्या स्वभावामुळे होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेच तसं जाहीर केलंय.

हे खरं नाही. बर्नआउट हा आजार नव्हे, असं संघटनेने २०१९ मध्येच स्पष्ट केलं. तो कामाच्या ठिकाणच्या सततच्या, आटोक्यात न आलेल्या ताणातून येतो. त्या व्याख्येत बाई-पुरुष हा भेदच नाही.

मी जळगावात कपड्यांच्या दुकानात मॅनेजर होते. टार्गेट वरून यायचं, माणसं किती ठेवायची हेही वरूनच ठरायचं; शिव्या मात्र मी खायच्या. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी, आणि मी अर्धं शटर ओढून तिसऱ्यांदा गल्ला मोजतेय, बाजूला घरचा फोन वाजतोय. अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं: कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचा अधिकार छोटा, तिथे ताण सर्वांत जास्त.

म्हणून कृपा करून तो मेसेज पुढे ढकलू नका. कुणाला खरंच असह्य होत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तिला द्या.