अणुबॉम्बवर अरबी अग्रलेख कसा पाडावा

अरबी वर्तमानपत्रात अणुबॉम्बवर लिहायचं म्हणजे भौतिकशास्त्र यायला हवं, असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका. युरेनियम किती टक्के समृद्ध झालं, सेंट्रिफ्यूज किती फिरतात, ही कारकुनी व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेला करू द्या. तुम्हाला एवढंच ठाऊक हवं की पेपर कोणाच्या पैशावर निघतो.

'अश्शर्क अल-अवसत' 1978 पासून लंडनहून निघतं, हिरव्या कागदावर, सौदी पैशावर. तिथे लिहिणार असाल तर बॉम्ब म्हणजे इराणची अणुकेंद्रं, नतान्झ आणि फोर्दो. बैरुतचं 'अल-अखबार' इराणच्या पाठबळावरच्या हिजबुल्लाहच्या बाजूचं. तिथे बॉम्ब म्हणजे इस्रायलचं अणुकेंद्र, दिमोना. मजकूर फारसा हलवावा लागत नाही, गावांची नावं बदलली की भागतं. कैरोच्या सरकारी 'अल-अहराम'चं काम तर त्याहून सोपं. 1974 साली पश्चिम आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत आला होता आणि इजिप्त त्यात पुढे होता, याची आठवण काढा. तो प्रस्ताव शहाच्या इराणसोबत मांडला होता, हे नाही लिहिलं तरी कोणी विचारणार नाही.

सुरुवात 'दोन मापां'नी करा. 'अल-कैल बि-मिक्यालैन', म्हणजे देताना एका मापाने, घेताना दुसऱ्या. याच्याशिवाय लेख उघडला तर संपादकाला चुकल्या-चुकल्यासारखं होईल. बरं, तक्रार खोटीही नाही. इस्रायलची अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही नाही. दिमोनात तंत्रज्ञ असलेल्या मोर्देखाय वानुनूने 1986 मध्ये तिथले फोटो लंडनच्या वर्तमानपत्राला दिले आणि त्यापायी 18 वर्षं तुरुंगात काढली. इस्रायल सरकार मात्र आजही 'आहे'ही म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. तक्रार खरी असण्याचा मोठा फायदा असा, की तिच्या आडोशाला बसलं की दुसरं काही लिहावं लागत नाही.

प्रसंग घरातलाच निघाला तर कानांवर हात ठेवायचे. 6 सप्टेंबर 2007 ला इस्रायलच्या विमानांनी सीरियात देर एझ-झोरजवळची अणुभट्टी उडवली. दमास्कस म्हणालं, ती लष्कराची रिकामी इमारत होती. एरवी एका गोळीवर आठ कॉलम लिहिणाऱ्या अरब राजधान्या अशा गप्प बसल्या, की जणू शेजारच्या घरात भांडं पडलंय. अशा दिवशी खजुराच्या पिकावर लिहावं.

एक म्हण पाठ करून ठेवा: 'यात ना आमची उंटीण, ना आमचा उंट.' 13 जून 2025 ला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले, की ही काढायची. दोन्हीकडचा राग व्यक्त होतो, मालक खूश राहतो, कोणाची बाजूही घ्यावी लागत नाही. फक्त छपाई लवकर उरका. कारण 22 जूनला अमेरिकेने फोर्दोवर बॉम्ब टाकले आणि 23 ला इराणची क्षेपणास्त्रं कतारमधल्या अमेरिकेच्या अल-उदैद तळावर आली. उंट आपला निघाला! आता 'सार्वभौमत्व' हा शब्द वापरा आणि परकीय तळ तिथे मुळात कोणी बसू दिला, हे पुढच्या पिढीवर सोडा.

बुशेहरबद्दल मात्र शक्यतो लिहूच नका. इराणची ही अणुवीजभट्टी आखाताच्या अगदी काठावर आहे. तिथून तेहरान 700 किलोमीटरहून लांब आणि कुवेत शहर 300 च्या आत. 19 जूनला इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने बुशेहरवरही मारा केल्याचं सांगून टाकलं. नंतर खुलासा आला, की ते बोलणं चुकून झालं. त्या मधल्या वेळात कुवेत, मनामा, दोहा इथल्या लोकांनी काय करायचं होतं, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. ही शहरं पितात ते बहुतांशी याच समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी. कुवेतमधला आपला रत्नागिरीकर नळ सोडतो तेव्हा बादलीत पडतं तेही हेच. कतारच्या पंतप्रधानांनी 2025 च्याच मार्चमध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं, की भट्टीला काही झालं तर पाणी तीन दिवसांत संपेल, असं त्यांच्या पूर्वीच्या एका अंदाजात निघालं होतं. पण साठे किती दिवसांचे आहेत, किरणोत्सर्गाचा इशारा कोण देणार, आयोडीनच्या गोळ्या कुठे मिळणार, असली गद्य माहिती स्तंभात घातली की स्तंभाची उंची जाते. शिवाय तिची उत्तरं मंत्रालयातून घ्यावी लागतात, आणि मंत्र्याला फोन लावला की मालकाला फोन जातो.

त्यापेक्षा समुद्राच्या नावावर भांडा. इराण त्याला 'फारसी' आखात म्हणवून घेतो, तुम्ही 'अरबी' लिहा. (मराठीत आपण नुसतं 'आखात' म्हणून सुटतो.) 2010 मध्ये इराणने धमकीच दिली होती, की 'फारसी' न म्हणणाऱ्या विमान कंपन्यांना आमच्या आकाशातून उडू देणार नाही. या वादावर हजार शब्द सहज होतात आणि खारं पाणी खारंच राहतं.

सप्टेंबर 2025 मधल्या सौदी-पाकिस्तान संरक्षण कराराचं काय, असं कोणी विचारलंच, तर 'पाकिस्तानचा बॉम्ब त्यात आहे' असं लिहू नका आणि 'नाही' असंही लिहू नका. हे कुठे पाहिल्यासारखं वाटलं, तर तो परिच्छेद वर होऊन गेलाय.

लेख पाठवला, की चहा टाका. लंडनच्या कचेरीत असाल तर निर्धास्त प्या, तिथलं पाणी थेम्सचं.