पाचवी शिट्टी

आमच्या शेजारच्या काकू दाराला टेकून उभ्या राहतात आणि म्हणतात, "तुमच्या घरात कसं शांत शांत वाटत असंल गं!" सांगलीच्या गावभागात आमच्या भिंतीला भिंत लावून त्या राहतात आणि त्यांचे कान उत्तम आहेत. तरीही.

आई आणि पप्पा दोघंही जन्मापासून बहिरे. आमच्या घरात शांतता नाही ती म्हणूनच. आवाज होतोय हे कळलंच नाही तर माणूस तो कमी कसा करणार? आई पहाटे भांडी लावते तेव्हा तिकडे मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या तारा आपोआप झंकारत असणार. पप्पा दार लावत नाहीत, आपटतात. कुणाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, नाहीतर खोलीतला दिवा चालू-बंद करायचा. इलेक्ट्रिशियन आम्हाला दिवाळीला फराळ देतो.

या घराचा कान मी. बिनपगारी. दारावरची बेल, नळाला आलेलं पाणी, गॅसवाल्याचा फोन आणि कुकरच्या शिट्ट्या हे माझं खातं. डाळीला पाच शिट्ट्या लागतात. तिसरीला माझा फोन वाजतो, मी बोलत बाहेर जाते आणि परत येते तेव्हा चार झाल्या की सहा, देव जाणे. शेवटी आईनं ते खातं काढून घेतलं. ती ओट्यावर तळहात टेकून उभी राहते, थरथर मोजते. तिची डाळ कधी कच्ची राहत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात गल्लीतून भोंगा फिरत होता. घराचा कान तेव्हा इअरफोन घालून झोपला होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आईची आमच्या अंगणातली तिसरी पायरी. तिनंच आम्हाला उठवलं.

पण खरी परीक्षा फोनची. गेल्या महिन्यात पप्पांचं एटीएम कार्ड बंद पडलं. बँकेत सांगितलं, कस्टमर केअरला फोन करा. पप्पा ओट्याला खेटून खुर्ची ओढून बसले, मी समोर. आधी दहा मिनिटं सनई.

"काय म्हणतायत?" पप्पांचे हात.

"सनई लावलीय."

"कुणाचं लग्न?"

अखेर एक मुलगी आली. "कार्डधारकांशीच बोलावं लागेल, मॅडम."

"ते बहिरे आहेत."

"ओके मॅडम, मग त्यांच्याकडे फोन द्या."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही."

"मग स्पीकरवर टाका ना."

मी तिला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ऐकवला, त्यात खुणांच्या भाषेचाही विचार केलाय हे सांगितलं. तिला ते पटलं. तिच्या सिस्टीमला नाही. शेवटी तडजोड झाली: उत्तरं मी सांगायची, पण संमतीचा एक 'हो' पप्पांच्या स्वतःच्या आवाजात हवा.

पहिला प्रश्न, जन्मतारीख. आता खुणांच्या भाषेत अर्धं व्याकरण भुवयांत असतं. आमच्या घरात हो-नाहीचा प्रश्न असला की भुवया वर, काय-कधी-कुठे असलं की भुवया खाली, आठी घालून. मी आठी घातली. खिडकीतून काकूंना वाटलं, पोरगी बापाशी भांडतीय. पप्पा नुसती तारीख सांगणाऱ्यातले नाहीत. श्रावण, पाऊस, चिखलात रुतलेली बैलगाडी, कळा देणारी आजी.

"मॅडम, आहात ना लाइनवर?"

"आहे. बैलगाडी आत्ता निघाली चिखलातून."

मग तो 'हो'. शाळेत पप्पांना बोलायला शिकवलं होतं, एक हात बाईंच्या गळ्यावर आणि एक स्वतःच्या. खुणा केल्या की त्याच हातांवर पट्टी. शाळा सुटली तसा त्यांनी तो आवाज लग्नातल्या कोटासारखा ट्रंकेत ठेवून दिला. चारचौघांत मी तो कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, भुवया वर केल्या. त्यांनी घसा खाकरला, एक हात गळ्याला लावला, दुसऱ्या हाताची मूठ ओट्यावर आपटली आणि म्हणाले,

"होओओ!"

कौलांवरची कबुतरं उडाली. काकू पदर खोचत दारात आल्या. फोनवर काही क्षण काहीच नाही.

"सर," ती मुलगी म्हणाली, "हळू म्हटलं असतं तरी चाललं असतं."

कार्ड चालू झालं. दर्जा तपासण्यासाठी हा कॉल रेकॉर्ड केलाय, हेही तिनं सांगितलं. मी ते पप्पांना कळवलं. त्यांनी आठी घातली, "मग? दर्जा कसा होता?"

मी उत्तर देणार तेवढ्यात ओट्यापाशी हालचाल दिसली. आईनं कुकरपाशी टेकवलेला तळहात उचलला, पाचही बोटं आम्हाला दाखवली आणि समाधानानं गॅस बंद केला.

त्या दिवशी डाळ कच्ची होती. आणि पहिल्यांदाच, माझ्यामुळे नव्हे.